नाव कोणी ठेवले, मोजले कोणी आणि बोलतो कोण?



मागे जुन्या जालन्यातल्या एका विहारात तरुण मुलांबरोबर बसलो होतो. विषय होता येणारी जनगणना. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जातनिहाय गणनेचा निर्णय जाहीर केला आणि १ मार्च २०२७ ही देशाच्या बहुतेक भागासाठी जनगणनेची संदर्भ तारीख ठरली. बोलता बोलता एका मुलाने विचारले, "दादा, धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहायचं, त्यात वाद नाही. पण जातीच्या रकान्यात काय लिहायचं? बाबासाहेबांनी जात सोडायला सांगितली आणि तुम्ही म्हणता जात लिहा. मग धम्म कशाला घेतला?"

दुसरा म्हणाला, "दोन्हीकडे बौद्धच लिहायचं." तिसरा हळूच म्हणाला, "आमच्या घरी अजून हिंदू महार लिहितात. सवलत जाईल म्हणून."

एका वस्तीत, एका चटईवर तीन उत्तरे. हा गोंधळ त्या मुलांचा नाही. तो शंभर वर्षांच्या इतिहासाचा आहे, आणि तो आपण त्यांना नीट सांगितलेला नाही. म्हणून हा लेख. यात मराठवाडा आहे आणि अमेरिकाही आहे. कारण तिकडच्या लॅटिनो समाजापुढे नेमके हेच तीन प्रश्न गेली शंभर वर्षे उभे आहेत: आमचे नाव कोणी ठेवायचे, आम्हाला मोजायचे कोणी, आणि आमच्या वतीने बोलायचे कोणी?

नावात काय आहे, हे मराठवाड्याला विचारा

"नावात काय आहे?" असे म्हणणारे बहुधा असे लोक असतात ज्यांच्या नावावरून कधी कोणी त्यांची पायरी ठरवलेली नसते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. पोचीराम कांबळे यांना ठार मारले गेले. १९७९ चा लाँग मार्च निघाला. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तोही 'मराठवाडा' शब्द शेजारी ठेवून. एका पाटीसाठी सोळा वर्षे. नाव म्हणजे नुसता शब्द असता, तर एवढे रक्त सांडले नसते.

ही लढाई नामांतरापासून सुरू झाली असे समजू नका. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. 'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या पाळण्यात कोण झोपले आणि तो हलवत रात्रभर जागले कोण, हे म्हण सांगत नाही. त्याच संस्थानात भाग्यरेड्डी वर्मा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अस्पृश्य समाजाला 'आदि-हिंदू' हे नाव दिले. आम्ही या भूमीचे मूळचे आहोत, कोणाच्या वर्णव्यवस्थेची शेपटी नाही, असा त्याचा अर्थ. १९३१ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानात हे नाव नोंदले गेले. हा संस्थानातल्या अस्पृश्यांचा मोठा विजय होता.

त्याच १९३१ साली पंजाबात चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म 'आद-धर्म' असा लिहिला. त्या चळवळीचे नेते मंगूराम मुगोवालिया. हे मंगूराम १९०९ साली कॅलिफोर्नियाला गेले होते आणि तिथल्या बागांमध्ये त्यांनी मजुरी केली होती. १९२५ साली परत आल्यावर गावात पुन्हा तीच अस्पृश्यता दिसली आणि त्यांनी चळवळ उभी केली. कॅलिफोर्नियाच्या त्याच शेतांमध्ये मेक्सिकोहून आलेला मजूरही राबत होता. दोघांच्या हातात तेच फावडे होते आणि दोघांनाही सरकारी कागदावर स्वतःचे नाव नव्हते.

आकडा घटवा, हक्क घटतो

बाबासाहेबांना आकड्याची ताकद पुरती कळली होती. १९११ च्या जनगणनेत पूर्ण हिंदू कोण आणि अपूर्ण कोण हे ठरवायला दहा कसोट्या लावल्या गेल्या: ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व मानता का, मंदिरात प्रवेश आहे का, स्पर्शाने विटाळ होतो का, वगैरे. तेव्हा फार वाद झाला. कारण अस्पृश्यांचा आकडा वेगळा निघाला तर वाटाही वेगळा द्यावा लागणार होता.

१९३२ साली लोथियन समिती मताधिकाराची चौकशी करायला आली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीपुढे एक चमत्कार घडला. जे सवर्ण नेते कालपर्यंत अस्पृश्यांच्या उद्धाराची भाषणे करत होते, तेच म्हणू लागले की आमच्या प्रांतात अस्पृश्य जवळजवळ नाहीतच! संयुक्त प्रांतात तर कोटीच्या घरातला आकडा काही लाखांवर आणण्याचा प्रयत्न झाला. विहिरीवर पाणी भरायला गेलेला माणूस अस्पृश्य, पण जागा वाटायची वेळ आली की तो सापडत नाही. बाबासाहेबांनी या आकडेमोडीला समितीत विरोध केला.

नावाबद्दलही ते तितकेच जागरूक होते. गोलमेज परिषदेत 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव अपमानकारक आहे, ते बदला, अशी मागणी त्यांनी आणि रेट्टमलै श्रीनिवासन यांनी १९३१ साली लेखी केली. पुढे गांधीजींनी 'हरिजन' शब्द आणला. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत तो शब्द कायद्यात घुसवला गेला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला आपल्या कन्नड तालुक्यात मक्रणपूरला भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद झाली आणि निजामाच्या राज्यातला आपला माणूस बाबासाहेबांना ऐकायला जमला. आम्हाला काय म्हणायचे हे आम्ही ठरवू, तुमची दया तुमच्यापाशी ठेवा, हा या सगळ्याचा गाभा.

तिकडे टेक्सासमध्ये

आता अमेरिकेकडे पाहू. १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा प्रचंड मुलूख अमेरिकेने घेतला. तिथले लोक जागचे हलले नाहीत, सीमाच त्यांच्यावरून गेली. कागदावर ते नागरिक झाले, व्यवहारात दुय्यम राहिले.

१९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा वेगळा वंश म्हणून नोंदला गेला. मंदीचा काळ होता. त्याच दशकात लाखो मेक्सिकन लोकांना, त्यात अमेरिकेचे जन्मजात नागरिकही होते, सीमेपार धाडले गेले. वेगळी नोंद म्हणजे वेगळी वागणूक, हे समाजाने ओळखले. मेक्सिकन सरकार आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन संघटनांनी विरोध केला आणि १९४० मध्ये तो रकाना गेला. आता ते 'गोरे' झाले.

पण गोरे होऊन काय मिळाले? टेक्सासच्या जॅक्सन काउंटीत पीट हर्नांडेझ या शेतमजुरावर खुनाचा खटला चालला. तिथल्या लोकसंख्येत सुमारे १४ टक्के लोक मेक्सिकन वंशाचे होते, पण २५ वर्षांत त्यांच्यातला एकही माणूस ज्यूरीवर बसला नव्हता. राज्याचा युक्तिवाद ऐका: मेक्सिकन हे गोरेच आहेत, ज्यूरी गोरी आहे, मग भेदभाव कुठे आहे? आणि ज्या न्यायालयाच्या इमारतीत हा खटला चालला, तिथे दोन शौचालये होती. एकावर काही लिहिले नव्हते. दुसऱ्यावर काळ्यांसाठीची पाटी होती आणि तिच्याखाली स्पॅनिशमध्ये लिहिले होते 'पुरुषांसाठी इथे'.

म्हणजे हक्क मागायला गेले की तुम्ही आमच्यातलेच, आणि शौचालयाला गेले की तुमची जागा तिकडे. मित्रांनो, ही भाषा ओळखीची वाटते ना? "आपण सगळे हिंदूच" हे वाक्य आपल्याला मोर्चाच्या दिवशी ऐकू येते, पाणवठ्यावर कधीच ऐकू येत नाही.

३ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हर्नांडेझच्या बाजूने निकाल दिला. संविधानाचे संरक्षण फक्त काळे-गोरे या दोन गटांपुरते नाही, असे न्यायालयाने म्हटले. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा प्रसिद्ध ब्राउन निकाल त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी आला.

साठच्या दशकात तरुण पिढी उठली. शिवी म्हणून वापरला जाणारा 'चिकानो' हा शब्द त्यांनी छातीवर लावला. शिकागोत १९६८ साली पोर्तो रिकन तरुणांनी 'यंग लॉर्ड्स' ही संघटना ब्लॅक पँथरच्या धर्तीवर उभी केली. चारच वर्षांनी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने दलित पँथर उभी केली, तीही ब्लॅक पँथरकडे पाहूनच. एकाच दिव्यावर दोन देशांत दोन मशाली पेटल्या. आपल्याकडेही 'दलित' या शब्दाने खाली ढकलणाऱ्याकडेच बोट दाखवले.

पण नुसत्या घोषणेने शाळा, दवाखाना, मतदारसंघ मिळत नाही. त्याला आकडा लागतो. कार्यकर्त्यांनी वॉशिंग्टनवर दबाव आणला आणि १९८० च्या जनगणनेत प्रत्येक घराला 'तुम्ही स्पॅनिश किंवा हिस्पॅनिक वंशाचे आहात का?' हा प्रश्न विचारला गेला. आकडा निघाला सुमारे १ कोटी ४६ लाख. २०२० मध्ये तो ६ कोटी २१ लाखांवर गेला. ज्यांना ९० वर्षांपूर्वी रकान्यातून बाहेर पडायचे होते, त्यांनीच पुढे रकाना मागून घेतला. हा विरोधाभास नाही. पहिला रकाना दुसऱ्याने हाकलण्यासाठी केला होता, दुसरा त्यांनी हक्कासाठी मिळवला होता.

बौद्ध लिहिण्याची किंमत

आता घरी येऊ. १९५१ च्या जनगणनेत सगळ्या भारतात बौद्ध होते सुमारे १ लाख ८१ हजार. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मक्रांती झाली आणि १९६१ ला हा आकडा साडेबत्तीस लाखांवर गेला. त्यातले जवळपास २८ लाख एकट्या महाराष्ट्रातले. एवढ्या लोकांनी अवघ्या पाच वर्षांत सरकारी कागदावर स्वतःचे नाव स्वतः लिहिले. यातले बहुतेक भूमिहीन होते, अनेकांना सही येत नव्हती.

आणि याची किंमत त्यांना ठाऊक होती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला, पंजाबातल्या काही शीख जाती वगळता, अनुसूचित जातीत धरले नव्हते. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. बौद्धांचा नाही. १९६२ साली नागपूरच्या राखीव जागेवरून निवडून आलेल्या डी. पी. मेश्राम यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि त्यांची निवड गेली. टेक्सासने हर्नांडेझला सांगितले की तू गोराच आहेस, म्हणून तक्रार करू नकोस. इथे मेश्रामांना सांगितले गेले की तू आता हिंदू नाहीस, म्हणून जागा मागू नकोस. गावात मात्र बौद्ध झालेल्या माणसाचा वाडा बदलला नव्हता.

महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राचे दार बंद राहिले. ते उघडले १९९० साली, व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात. १९५६ ते १९९०, म्हणजे ३४ वर्षे. आपल्या आजोबांनी नोकरी सोडली, जागा सोडली, पण नाव सोडले नाही. म्हणून ज्या घरात आजही भीतीपोटी 'हिंदू' लिहिले जाते, त्यांना हात जोडून सांगतो: भीतीचे कारण १९९० सालीच संपले आहे. बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीचा एकही हक्क जात नाही.

दोन्हीकडे बौद्ध लिहिले तर?

आता दुसऱ्या मुलाचे उत्तर घेऊ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख ३१ हजार. त्यातले अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे ५२ लाख. उरलेले १३ लाखांहून अधिक बौद्ध अनुसूचित जातीच्या आकड्यात नाहीत. सगळ्यांचे कारण एकच नसेल. इतर समाजांतून आलेले बौद्धही त्यात आहेत. पण ज्यांनी जातीच्या जागी काहीच लिहिले नाही किंवा पुन्हा बौद्धच लिहिले, ते या आकड्यात कसे येणार? सूचीत जातींची नावे आहेत. बौद्ध ही जात नाही, म्हणून ती सूचीत नाही, आणि नसावीच.

याचा परिणाम कुठे होतो? संविधानाच्या कलम ३३० आणि ३३२ नुसार राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. आज महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी आहेत, त्या २००१ च्या १०.२ टक्क्यांवरून. २०११ मध्ये हे प्रमाण ११.८ टक्के झाले. त्रैराशिक मांडा, सुमारे ३४ जागा होतात. म्हणजे दीड टक्क्यात पाच आमदार आहेत. विहारातल्या चटईवर आपण ज्या रकान्याचा वाद घालत होतो, त्याची किंमत एवढी आहे.

मग धम्माशी द्रोह होतो का? माझे मत स्पष्ट आहे. धर्माच्या रकान्यात मी कोण आहे हे लिहायचे. जातीच्या रकान्यात माझ्यावर काय लादले गेले हे नोंदवायचे. पहिली माझी ओळख, दुसरी अन्यायाची नोंद. ज्या दिवशी गावातली स्मशाने एक होतील, त्या दिवशी दुसरा रकाना कोरा सोडू. तोवर तो कोरा सोडणे म्हणजे गुन्हेगाराविरुद्धचा पुरावा स्वतःच्या हाताने पुसणे.

चेहरा आपला, आवाज कोणाचा?

पण जागा वाढल्या म्हणजे प्रतिनिधित्व आले असे समजू नका. १९३२ च्या जातीय निवाड्याने आपल्याला स्वतंत्र मतदारसंघ आणि ७१ जागा दिल्या होत्या. २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने जागा १४८ झाल्या आणि स्वतंत्र मतदारसंघ गेला. आकडा दुप्पट झाला, पण किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली. १९५२ च्या निवडणुकीत संविधानाचा शिल्पकार मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांकडून हरला. हरवणारा उमेदवारही अनुसूचित जातीचाच होता. आपल्या जालना जिल्ह्यात आज बदनापूर हा एकच विधानसभा मतदारसंघ राखीव आहे. तिथला उमेदवार आपल्यातला असतो, पण त्याला निवडून आणणारे बहुसंख्य मतदार आपल्यातले नसतात. मग तो आमदार झाल्यावर आधी कोणाच्या दारात जाणार?

अमेरिकेतही तेच. क्यूबन आईबापांचा मुलगा मार्को रुबियो २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाला, आणि ज्या सरकारात तो बसला ते सरकार स्थलांतरितांना पकडून हद्दपार करण्याची मोहीम चालवत होते. चेहरा लॅटिनो, धोरण कोणाचे?

पडद्यावरही हेच घडले. १९६१ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त पोर्तो रिकन नायिका रशियन आईबापांच्या नताली वूडने केली. खरीखुरी पोर्तो रिकन रिटा मोरेनो दुय्यम भूमिकेत होती, आणि तिलाही आणखी काळा रंग फासून उभे केले. तिने त्याच भूमिकेसाठी ऑस्कर मिळवला. आपल्याकडे १९३६ च्या 'अछूत कन्या'त अस्पृश्य मुलगी होती देविकाराणी. आपली गोष्ट आपल्या नजरेतून मोठ्या पडद्यावर यायला नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'पर्यंत, म्हणजे २०१३ पर्यंत, थांबावे लागले.

आरसा आपल्याकडेही फिरवू

शेवटचा मुद्दा कडू आहे. लॅटिनो या एका नावाखाली गोरे क्यूबन उद्योजक आहेत, काळे डॉमिनिकन कामगार आहेत, ग्वातेमालाचे आदिवासी आहेत. नाव एक झाले, पण टीव्हीवर दिसतात ते बहुधा गोरेच. काळा लॅटिनो विचारतो, या नावात मी कुठे आहे?

आपल्या अनुसूचित जातींच्या यादीतही मातंग, चर्मकार, ढोर, होलार आणि कितीतरी जाती आहेत. आपला मातंग भाऊ तोच प्रश्न विचारतो, तेव्हा आपण त्याला फुटीर म्हणतो. हे बरोबर आहे का? १९५२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या तिकिटावर सोलापुरातून लोकसभेत गेलेले पां. ना. राजभोज चर्मकार समाजाचे होते. बाबासाहेबांचा पक्ष एका जातीचा नव्हता. आपण तो तसा करून ठेवला. प्रत्येक जातीचा खरा आकडा बाहेर येऊ द्या, शिक्षण आणि नोकरीत कोणाचा वाटा किती ते कळू द्या. आकड्याला सवर्णांनी घाबरावे, आपण का घाबरायचे?

म्हणून जुन्या जालन्यातल्या त्या मुलाला माझे उत्तर: धर्म बौद्ध लिही. जात सूचीत जशी आहे तशी लिही. प्रगणक घरी आला की आजीला उत्तर द्यायला एकटी सोडू नकोस, स्वतः शेजारी बस आणि त्याने काय नोंदवले ते विचार. शेजारच्या मातंगवाड्यातही जाऊन हेच सांग. १९६१ साली सही न येणाऱ्या माणसांनी २८ लाखांचा आकडा उभा केला. तुझ्या हातात तर मोबाइल आहे.

जयभीम! जय संविधान!